हृदय थकते तेव्हा

वस्तीत कुणी झोपेतच गेले, किंवा चहा पिता पिता बसल्या जागी कोसळले, की आपण म्हणतो, "हार्ट फेल झालं." म्हणजे माणूस संपला. त्यामुळे दवाखान्याच्या केसपेपरवर हेच शब्द दिसले की घरात रडारड सुरू होते, गावाकडे फोन जातात, कुणी आशाच सोडून देते. पण डॉक्टर 'हार्ट फेल्युअर' म्हणतात तेव्हा त्यांना वेगळेच सांगायचे असते. हृदय थांबलेले नसते. ते चालू असते, पण शरीराला लागते तेवढे रक्त पुढे ढकलायला कमी पडत असते. आपण त्याला हृदय थकणे म्हणू. आजार गंभीर आहे, यात शंका नाही. पण त्यावर आज औषधे आहेत, त्यातली बरीचशी स्वस्त आहेत, आणि ती नेमाने घेणारी अनेक माणसे घरचे-दारचे सारे करीत वर्षानुवर्षे जगतात.

हृदय मुठीएवढे. दिवसाला सुमारे एक लाख वेळा आवळते आणि मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फिरवते. मोरीचे पाणी पुढे जाईनासे झाले की ते मागे घरात तुंबते, तसेच इथे होते. हृदयाची ताकद कमी झाली की फुप्फुसांत पाणी साचते आणि धाप लागते. पायांत पाणी उतरते, घोटे सुजतात, बोटाने दाबले तर खळगा राहतो. पोट फुगल्यासारखे वाटते, भूक मरते. पूर्वी नळावरून हंडा घेऊन दोन जिने एका दमात चढणारी बाई मधल्या पायरीवर टेकू लागते. सपाट झोपले की गुदमरते, म्हणून उशाला आधी एक, मग दोन, मग गोधडीची घडी येते. मध्यरात्री श्वास कोंडून जाग येते आणि माणूस दारात येऊन बसतो. घरचे म्हणतात, वय झाले. कुणी म्हणते, दमा आहे. खोकल्याचे औषध आणले जाते. असे महिने जातात.

पुढे टूडी इको होते आणि रिपोर्टात 'ईएफ ३५ टक्के' असे काही लिहिलेले असते. हा आकडा वाचून लोक घाबरतात, की हृदय पस्तीस टक्केच उरले. तसे नाही. निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्यात आपल्या कप्प्यातले सगळे रक्त बाहेर टाकत नाही, साधारण ५५ ते ७० टक्केच टाकते. म्हणजे पस्तीसची तुलना शंभराशी नव्हे, साठाशी करायची. शिवाय औषधांनी हा आकडा पुष्कळांत वाढतो. उलट असेही असते, की आकडा चांगला पण हृदयाचे स्नायू कडक झालेले. मग ते नीट भरतच नाही, आणि धाप तीच. वयस्कर, रक्तदाब असलेल्या बायांत हा प्रकार जास्त दिसतो. म्हणून 'इको नॉर्मल आहे' एवढ्यावर धाप सोडून देऊ नये.

हृदय थकते कशाने? हृदयविकाराचा झटका येऊन गेला, की त्या जागचा स्नायू मरतो आणि उरलेल्यावर भार पडतो. रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला असेल, तर हृदय रोज चढावर गाडी ओढल्यासारखे राबते. मधुमेह, दारू, लहानपणीच्या तापाने खराब झालेली झडप, क्वचित बाळंतपणाच्या आगेमागे हृदयाला आलेली कमजोरी, ही आणखी कारणे. पण यातले सर्वांत चोरपावलांनी येणारे कारण रक्तदाब हे आहे, आणि ते जगाला फार उशिरा कळले.

किती उशिरा, यासाठी अमेरिकेतली एक हकीकत सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात फ्रँकलिन रूझवेल्ट हे त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. मार्च १९४४ मध्ये डॉ. हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयतज्ज्ञाने त्यांना तपासले तेव्हा रक्तदाब १८६/१०८ होता आणि हृदय थकल्याची लक्षणे स्पष्ट होती. लोकांना मात्र सांगितले जात होते की साहेबांची तब्येत उत्तम आहे. रक्तदाब उतरवणारे धड औषध त्या काळी नव्हते, आणि वयाबरोबर दाब वाढायचाच असे कित्येक डॉक्टरही मानत. १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्या दिवशीचा दाब ३००/१९० नोंदलेला आहे. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाची ही गत.

तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, त्याच देशात मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रॅमिंगहॅम या गावी एक अभ्यास सुरू झाला. ५,२०९ धडधाकट स्त्री-पुरुषांची नोंद केली, दर दोन वर्षांनी त्यांची तपासणी केली, आणि पुढे कुणाला काय होते ते पाहत राहिले. अजून, त्यांच्या मुलानातवंडांपर्यंत, तो अभ्यास चालू आहे. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, विडी-सिगारेट यांमुळे हृदयरोगाचा धोका वाढतो हे आज शाळेतले पोरही सांगते, ते मुख्यतः या गावामुळे. १९९६ मध्ये तिथल्या संशोधकांनी हृदय थकलेल्यांच्या जुन्या नोंदी उलगडल्या. अशा शंभर जणांतल्या ९१ जणांना आधीपासून रक्तदाब होता. म्हणजे आजार दार वाजवून येतो, अगदी काही वर्षे आधी वाजवतो. फक्त तो आवाज कानाला ऐकू येत नाही, यंत्रावर दिसतो. डोके दुखले, गरगरले तरच दाब वाढलेला असतो असे समजणे चूक आहे. बहुतेकांना काहीच होत नाही.

आता आपल्याकडे येऊ. 'हार्टचा आजार बंगल्यातल्यांना होतो, आपण कष्टाची माणसे' असे आपल्यात आजही म्हटले जाते. मूळचे केरळचे आणि आता कॅनडात संशोधन करणारे डॉ. सलीम युसूफ यांनी याची मोठी पडताळणी केली आहे. त्यांच्या ५२ देशांतल्या अभ्यासात (तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला) दिसले, की भारतीय उपखंडातल्या लोकांना पहिला झटका बाकी जगापेक्षा पाच-सहा वर्षे आधी, साधारण त्रेपन्नाव्या वर्षी येतो. त्यानंतरच्या 'प्युअर' या अभ्यासात भारतासह १७ देशांतले दीड लाखांहून अधिक लोक होते. २०१४ मध्ये त्याचे जे निष्कर्ष आले, ते आम्हांला प्रत्येक वस्तीत वाचून दाखवावेसे वाटतात. हृदयरोगाला पूरक गोष्टी, म्हणजे चरबी, रक्तदाब, तंबाखू, बैठे जिणे यांची एकत्र बेरीज श्रीमंत देशांत सर्वांत जास्त निघाली आणि गरीब देशांत सर्वांत कमी. पण मरणारे गरीब देशांत जास्त. झटका किंवा लकवा असा मोठा विकार झाल्यावर श्रीमंत देशांत शंभरातले सहा-सात दगावत होते, गरीब देशांत सतरा.

२०१९ मध्ये याच अभ्यासात शिक्षणाचा हिशेब मांडला गेला. गरीब आणि मध्यम देशांत कमी शिकलेल्यांच्या सवयी शिकलेल्यांहून वाईट नव्हत्या, उलट धोके थोडे कमीच होते. तरीही हृदयरोग त्यांना जास्त झाला आणि त्यात ते जास्त मेले, कारण त्यांना उपचार फार कमी मिळत होते. घरातल्या पैशापेक्षाही शिक्षणाचा संबंध या मरणाशी अधिक घट्ट निघाला. बाबासाहेबांनी शिक्षणावर एवढा जोर का दिला याचे हे एक कारण आपल्याला सुचले नसेल! यातून आम्ही घेतो तो अर्थ असा: गरिबाला 'तुझ्याच खाण्यापिण्याचे हे फळ' म्हणून हिणवण्यात तथ्य नाही. फरक पडतो तो दाब मोजला जातो की नाही, गोळी हातात पडते की नाही, आणि ती पुढे चालू राहते की नाही, इथे.

हृदय थकलेल्या रुग्णांबाबतही हेच दिसते. १६ देशांतल्या ५,८२३ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा केला, त्यात चीनमध्ये वर्षात शंभरातले सात गेले, दक्षिण अमेरिकेत नऊ, भारतात तेवीस. केरळात श्री चित्रा तिरुनाल संस्थेच्या पुढाकाराने २०१३ मध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या १८ रुग्णालयांनी १,२०५ रुग्णांची नोंद ठेवली. सरासरी वय ६१, पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांहून दहाएक वर्षांनी कमी. वर्षभरात शंभरातले एकतीस गेले. आणि ज्यांच्या हृदयाचा जोर कमी झाला होता, त्यांच्यापैकी घरी जाताना ठरलेली सगळी औषधे मिळालेले फक्त चौथा हिस्सा होते. हे केरळात, जिथे आरोग्यसेवा आपल्याहून बरी समजली जाते.

ही ठरलेली औषधे कोणती, हे रुग्णाच्या घरात निदान एकाला ठाऊक असावे. हृदयाचा जोर कमी असेल तर मुख्यतः चार गटांची असतात. एनालॅप्रिल किंवा रामिप्रिलसारखी, हृदयावरचा भार हलका करणारी. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्वेडिलॉल ही ठोके शांत करणारी. स्पायरोनोलॅक्टोन. आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी, जी आधी मधुमेहासाठी निघाली आणि २०१९ मध्ये मधुमेह नसलेल्या थकलेल्या हृदयालाही उपयोगी ठरली. लघवीची गोळी पाणी उतरवते आणि आराम देते, पण आयुष्य वाढवण्याचे काम वरच्या चार गटांचे. स्पायरोनोलॅक्टोन हे जुने, स्वस्त औषध. १९९९ च्या चाचणीत त्याने मृत्यू तीस टक्क्यांनी कमी केले. दुसऱ्या गटाची कथा तर गमतीची आहे. ही औषधे हृदय दुबळे असताना देऊच नयेत असे पुस्तकांत छापलेले होते. स्वीडनमधल्या डॉ. फिन वागस्टाइन यांनी १९७५ मध्ये सात रुग्णांना ती देऊन पाहिली, रुग्ण सुधारले, आणि तरी वैद्यक जगाने पटवून घ्यायला वीसेक वर्षे लावली. पुस्तकात आहे म्हणून मानू नका, अनुभवाने तपासा, हा कालामांना झालेला उपदेश डॉक्टरांनाही लागू पडतो.

एनालॅप्रिलने काहींना कोरडा खोकला येतो. तसे झाले तर गोळी आपल्या मनाने सोडू नये, बदलून मिळते. मूल होण्याची शक्यता असलेल्या बाईने ते डॉक्टरांना आधी सांगावे, कारण यातल्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. मधूनमधून रक्तातले पोटॅशियम आणि किडनीची तपासणीही करावी लागते.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. रुग्ण सुधारतो, सूज उतरते, कामावर जाऊ लागतो. मग एक दिवस म्हणतो, "आता काय झालंय मला? किती दिवस गोळ्या खायच्या?" लंडनमध्ये नेमका हाच प्रश्न तपासला गेला. हृदय फुगून दुबळे झालेले, पण औषधांनी पूर्ण सुधारलेले ५१ रुग्ण घेतले. इको चांगला, त्रास काही नाही. २५ जणांची औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू बंद केली. सहा महिन्यांत त्यांतल्या ११ जणांचा आजार परत आला. औषध चालू ठेवलेल्यांत त्या काळात एकाचाही नाही. म्हणजे बरे वाटणे हा गोळीचा गुण असतो. गोळी गेली की तोही जातो. पगार झाला नाही, गावाला गेलो, लग्न होते, अशा कारणांनी पंधरा दिवसांचा खंड पडतो आणि सोळाव्या दिवशी रुग्ण कॅज्युअल्टीत असतो. जन औषधी केंद्रात ही बहुतेक औषधे कमी किमतीत मिळतात, सरकारी दवाखान्यात पुष्कळदा मोफत. झडपेच्या किंवा बायपासच्या शस्त्रक्रियेची वेळ आली तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत त्या आहेत. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून, रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवून विचारावे. कर्ज काढण्याआधी विचारावे.

दोन गोष्टी आपल्या वस्त्यांत फार होतात आणि थकलेल्या हृदयाला घातक आहेत. एक, अंगदुखीची गोळी. दिवसभर विटा वाहून, धुणीभांडी करून कंबर-गुडघे दुखतात, मेडिकलवाला डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन देतो. ही औषधे अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि किडनीवरही ताण आणतात. सुधारत असलेला रुग्ण अशा चार दिवसांच्या गोळ्यांनी पुन्हा सुजतो. दुखणे असेल तर साधी पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांना विचारून. दुसरी गोष्ट सलाईन. अशक्तपणा आला की 'एक बाटली लावा डॉक्टर' म्हणायची आपल्याला सवय, आणि लावणारेही आहेत. बाटलीत मीठ आणि पाणीच असते. ज्याच्या फुप्फुसात आधीच पाणी तुंबले आहे त्याला ती बाटली बुडवू शकते. हृदयाचा आजार माहीत असेल तर बाटली लावण्याआधी तसे सांगा, न विचारता सांगा.

मिठाबद्दल थोडे. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक छोटा चमचा, आणि त्यात सगळे आले: भाजीतले, लोणच्या-पापडातले, फरसाण-वेफर्समधले. आपल्या घरांत सुकट, बोंबील आवडीने होतात. ते सोडा म्हणणारे आम्ही नाही, स्वस्तातले चांगले अन्न आहे. खारवलेले असतील तर कोमट पाण्यात भिजवून दोनदा ते पाणी फेकावे आणि कालवणात वरून मीठ घालू नये. ज्याचे हृदय थकले आहे त्याने मात्र रोज खाऊ नये. बाजारातले 'कमी सोडियम' मीठ चीनमधल्या ६०० खेड्यांत तपासले तेव्हा लकव्याचे प्रमाण घटले, पण त्यात पोटॅशियम असते. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याने किंवा किडनीचा आजार असलेल्याने ते वापरू नये. संयुत्त निकायात राजा प्रसेनजिताची गोष्ट आहे. तो पोटभर भात जेवून धापा टाकीतच भगवान बुद्धांकडे येतो आणि बुद्ध त्याला मात्रा राखून जेवायला सांगतात. त्या राजाला कोणता आजार होता ते आपण सांगू शकत नाही, पण हळूहळू त्याने जेवण आवरते घेतले आणि अंगाने हलका झाला, एवढे सुत्त सांगते.

दारूबद्दल पंचशील घेतलेल्यांना आम्ही वेगळे काय सांगणार? पाचवे शील मोडणाऱ्याचे यकृतच नव्हे, हृदयाचा स्नायूही सैल होतो, एवढेच. मशेरीबद्दल मात्र सांगितले पाहिजे, कारण तिला कुणी व्यसन समजत नाही. सकाळी दात घासायला, दुपारी जेवल्यावर, रात्री झोप येत नाही म्हणून, असे आपल्या माय-मावश्या ती लावतात. ती भाजलेली तंबाखूच आहे. वर सांगितलेल्या ५२ देशांच्या अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांना झटक्याचा धोका दुपटीहून जास्त निघाला. धूर नाही म्हणजे धोका नाही, असे नव्हे.

लेकरांच्या घशाकडेही पाहा. दाटीच्या घरात एकाचा घसा आला की सगळ्यांचा येतो. त्यातल्या एका जातीच्या जंतूने काही मुलांना सांधे सुजवणारा ताप येतो आणि हृदयाची झडप खराब होते. ते कळते पंधरा-वीस वर्षांनी, बऱ्याचदा मुलगी गरोदर राहून धाप लागते तेव्हा. घसादुखी आणि ताप असेल तर दाखवून औषधाचा पूर्ण कोर्स द्यावा. असा सांधेताप एकदा येऊन गेला असेल तर पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षे घ्यावे लागते. ते चुकवू नये.

आमची एक सूचना आहे. प्रत्येक विहारात दंडावर लावायचे एक रक्तदाबाचे यंत्र असावे आणि रविवारच्या वंदनेनंतर तिशीपुढच्या सगळ्यांचा दाब मोजून वहीत लिहावा. जयंतीच्या वर्गणीतून एवढे सहज निघते, डीजेचा एक तास कमी केला तरी निघेल. मोजण्याआधी अर्धा तास चहा, विडी, मशेरी नको. पाच मिनिटे शांत बसावे, पाय जमिनीला टेकलेले, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि बोलू नये. दोनदा मोजावे. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर त्या माणसाला चिठ्ठी देऊन आरोग्य केंद्रात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात पाठवावे. पुढच्या महिन्यात तो गेला का, गोळी चालू आहे का, हेही वहीत पाहावे. बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह होता, आणि शेवटची वर्षे त्यांनी तब्येतीशी झगडत काम उरकले, हे आपण जाणतो. तेव्हा सोबत साखरही तपासता आली तर चांगलेच.

ज्यांच्या घरात हृदय थकलेला रुग्ण आहे त्यांनी रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, त्याचे वजन करून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते चरबीचे नाही, पाण्याचे आहे. सूज दिसण्याआधीच दवाखाना गाठावा. आणि रात्री अचानक श्वास कोंडला, ओठ निळे पडले, खोकल्यातून गुलाबी फेस आला, तर रुग्णाला आडवे करू नका. पाय खाली सोडून ताठ बसवा, अंगावरचे कपडे सैल करा, गर्दी हटवा आणि १०८ ला फोन करा. जाताना गोळ्यांची पाकिटे आणि जुना इको सोबत न्या.